पॅड बांधून बसलेला मुलगा

हिवाळ्यातल्या शनिवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास, करी रोड किंवा चिंचपोकळीच्या फलाटावर एक जोडी हमखास दिसते. पांढऱ्या पोशाखातला दहा-बारा वर्षांचा मुलगा आणि जवळजवळ त्याच्याच उंचीची किट बॅग खांद्याला लावलेले त्याचे वडील. गाडी आली की दोघे सामानाच्या डब्याकडे धावतात, कारण इतर डब्यांत त्या बॅगेला कोणी थारा देत नाही. दादरकर चर्चगेटची गाडी धरतात. गिरगावकरांना तर चालतही जाता येते, आणि त्याबद्दल त्यांना जरा अभिमानच असतो. मुक्काम मात्र सगळ्यांचा तोच: आझाद मैदान, क्रॉस मैदान नाहीतर ओव्हल.

‘शाळेच्या संघात घेतले’ ही बातमी मुलगा घरी आणतो तेव्हा निवड त्याची झाली, असे घरच्यांना वाटते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच उमजते की निवड साऱ्या घराची झाली आहे. पहाटेचा गजर, पांढऱ्या विजारीवरचे तांबड्या मातीचे डाग, बुडालेला गणिताचा क्लास आणि रविवारी रद्द झालेले नातेवाइकांकडचे जेवण, या साऱ्यांत आई, वडील, आजी आणि धाकटी बहीण असे सगळेच वाटेकरी होतात.

ज्या स्पर्धांसाठी हे चालते त्या जुन्या आहेत. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाची शालेय ढाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून खेळली जाते. आज ती सोळा वर्षांखालील मुलांसाठी आहे. चौदा वर्षांखालील मुलांसाठी जाइल्स ढाल आहे. या दोन ढालींच्या सामन्यांतून पुढे आलेल्या भारतीय खेळाडूंची नावे मुंबईकराला पाठ असतात. पालकांनी मात्र ती नावे थोडा वेळ बाजूला ठेवलेली बरी. या ढाली खेळलेल्या मुलांपैकी बहुसंख्य मुले पुढे डॉक्टर, व्यापारी, बँकेतले अधिकारी आणि शिक्षक झाली. वर्तमानपत्रांनी त्यांची नोंद घेतली नाही, पण मैदानाने त्यांना घडवले नाही असे कोण म्हणेल?

सुरुवात होते ती कागदपत्रांपासून. जन्माचा दाखला आणि शाळेचे प्रमाणपत्र यांची मूळ प्रत आणि दोन-चार नकला एका प्लास्टिकच्या पिशवीत कायम तयार असाव्यात. वयोगटांच्या स्पर्धांत वयाचा प्रश्न नाजूक असतो आणि दाखला शोधण्यात निवड चाचणीची सकाळ गेल्याची हळहळ फार दिवस टिकते. मग साहित्य. येथे नवखे पालक हटकून एक चूक करतात. ‘अजून वाढायचा आहे, पुढे दोन वर्षे चालेल’ म्हणून शाळेच्या गणवेशाप्रमाणे बॅटही एक माप मोठी घेतात. जड बॅट लहान मनगटांना पेलत नाही. मुलगा ती खालच्या हाताने ओढू लागतो आणि ती खोड पुढे सरांना वर्षभर मोडावी लागते. बॅट मुलाच्या आजच्या उंचीची हवी. नवी बॅट लगेच सिझन बॉलला सामोरी नेऊ नये. आधी जवसाचे तेल पाजावे आणि लाकडी हातोडीने हलके ठोके देत ती कितीतरी तास मुरवावी. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत संध्याकाळी हे ठोके सुरू झाले की शेजारच्यांना न विचारताच कळते की यांचा मुलगा संघात आला.

जैन घरांत याच टप्प्यावर आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळता येण्यासारखा नसतो. गल्लीत टेनिसच्या चेंडूने खेळणे वेगळे. ढालीचे सामने सिझन बॉलने होतात. आत बूच, त्याभोवती लोकरीच्या धाग्याचे वेढे आणि वर कातडे, असा हा चेंडू असतो. मोठ्यांच्या सामन्यात त्याचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम भरते. तेरा वर्षांखालील मुलांसाठी तो थोडा हलका करतात. कातडे मात्र कातडेच राहते. पॅड आणि बूट कृत्रिम द्रव्याचे मिळतात. ग्लोव्हजच्या तळव्याला बहुधा मेंढीचे कातडे असते, पण दुकानात आग्रहाने विचारल्यास त्यालाही पर्याय निघतो. चेंडूला आज तरी शालेय स्पर्धेत पर्याय नाही.

यावर घरोघरी वेगवेगळे तोडगे निघतात. काही कुटुंबे टेनिसच्या चेंडूपाशीच थांबतात किंवा मुलाला टेबल टेनिस, बॅडमिंटन अथवा बुद्धिबळाकडे वळवतात. काही मुलाला खेळू देतात, पण चेंडू घरात येत नाही. तो सरांच्या पिशवीतच राहतो. काही घरांत आजीचा विरोध महिनोन्‌महिने चालतो आणि मग एके दिवशी तीच आजी ‘आज किती केलेस?’ म्हणून विचारते. कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, हे बाहेरच्याने ठरवू नये. मात्र हा निर्णय चाचणीच्या आधी व्हायला हवा आणि मुलासमोर, कारणासकट व्हायला हवा. संघात नाव लागल्यावर, दहा मित्रांसमोर त्याला मागे खेचणे हे त्या कोवळ्या जिवावर फार मोठे ओझे टाकणे आहे. अहिंसेची शिकवण त्याला अशा वेळी पटणारी नाही, फक्त टोचणारी वाटेल.

डब्याचा प्रश्न त्यामानाने सोपा. कांदा-बटाटा न घालता थेपले, ठेपलेली पुरी, मुगाचे पुडले, केळी, खजूर, एवढे असले की दिवस निघतो; अर्ध्याहून अधिक डबा इतर मुलेच संपवतात हे गृहीत धरून तो भरावा. चौविहार पाळणाऱ्या मुलाची घाई संध्याकाळी असते. डिसेंबरात मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि खेळ संपवून, आवरून निघेपर्यंत पाच वाजून जातात. अशा मुलासाठी दुसरा छोटा डबा मैदानावरच असावा. गाडीत, सामानाच्या डब्यात, घाईघाईने केलेले ते जेवण मुलांना मोठेपणीही आठवते म्हणतात.

आता मैदानाबद्दल. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या आहेत, त्यामुळे एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या यष्टिरक्षकाच्या पाठीशी उभा असतो. नवख्याला आपला मुलगा कुठल्या सामन्यात आहे हेच अर्धा तास कळत नाही. तंबूच्या सावलीत सर, स्कोअरर आणि राखीव मुले बसतात. पालकांची जागा त्या तंबूत नसते. हे कोणी सांगत नाही, पण जुने पालक आपसूक झाडाखाली किंवा कुंपणाशी उभे राहतात. नवे पालक पाण्याची बाटली द्यायला तंबूत शिरतात, मग टॉवेल द्यायला, मग ‘डावा पाय पुढे टाक’ हे सांगायला. त्या क्षणी मुलाचे तोंड पाहावे. एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला बाबा आणि समोरून येणारा गोलंदाज; तिघांना एकाच वेळी उत्तर देणे बारा वर्षांच्या मुलाला कसे जमावे?

मुंबईच्या ज्या घरांनी मोठे फलंदाज दिले, त्या घरांतील वडीलधाऱ्यांची वागणूक या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुनील गावसकरांना लहानपणी त्यांच्या आई मीनलताई घरातच टेनिसच्या चेंडूने गोलंदाजी करीत. एकदा मुलाने मारलेला चेंडू त्यांच्या नाकावर बसला आणि रक्त आले. त्यांनी तोंड धुतले आणि खेळ पुन्हा सुरू केला. एवढेच. मुलाला ना शिक्षा, ना त्या प्रसंगाचे कौतुक.

तेंडुलकरांच्या घरची हकिगत अधिक ठाऊक असली तरी तिच्यातला एक धागा सहसा निसटतो. वडील रमेश तेंडुलकर हे दादरच्या कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक आणि कवी. मुलाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे नेले ते थोरल्या भावाने, अजितने. सरांच्या सांगण्यावरून वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रमात नाव घालण्यात आले, आणि वांद्र्याहून येण्याजाण्याची दगदग टळावी म्हणून मुलगा शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला. म्हणजे आई-वडिलांनी दिले ते काय? तर मुलाचे रोजचे सान्निध्यच सोडून दिले. नेटमध्ये तो काय करतो हा प्रांत त्यांनी सरांचा मानला. सर स्टंपवर रुपयाचे नाणे ठेवीत आणि बाद न होता सत्र संपवले तर ते मुलाचे होई; ‘छान खेळलास’ असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत, हे सचिनने निवृत्तीच्या भाषणात सर्वांसमोर सांगितले. आई रजनीताईंनी मैदानावर येऊन मुलाचा खेळ प्रथम पाहिला तो नोव्हेंबर २०१३मध्ये, वानखेडेवर, त्याच्या अखेरच्या कसोटीत.

पण पालकांनी ज्या मुलाकडे खरोखर पाहावे तो सचिन नव्हे.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. हॅरिस ढालीच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रमची गाठ सेंट झेवियर्सशी होती. चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी यांनी नाबाद ६६४ धावांची भागी केली. सचिन ३२६, विनोद ३४९. ही संख्या जगभर गेली. त्याच वेळी तंबूत एक तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून, पुढचा फलंदाज म्हणून बसला होता. अमोल मुजुमदार. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशीही तो पॅड बांधून बसला. शारदाश्रमने २ बाद ७४८वर डाव घोषित केला आणि त्याने पॅड सोडले. त्याची पाळी आलीच नाही.

आणि समोरच्या संघात, उन्हात चेंडू टाकून टाकून थकलेला पंधरा वर्षांचा साईराज बहुतुले होता. त्याच्या गोलंदाजीवर १८२ धावा निघाल्या, बळी एकही नाही. त्या दोन संध्याकाळी या दोन मुलांच्या घरी काय बोलले गेले असेल, याचा विचार प्रत्येक पालकाने एकदा करावा. ‘तुझा नंबर वर का नाही?’ ‘सरांना जाऊन विचारू का?’ ‘एवढ्या धावा दिल्यास, आता अभ्यासाकडे बघ.’ असली वाक्ये आजही दर संध्याकाळी परतीच्या गाडीत ऐकू येतात.

बहुतुले पुढे भारताकडून कसोटी खेळला आणि प्रथम श्रेणीत त्याने सहाशेहून अधिक बळी घेतले. मुजुमदारने मुंबईसाठी पहिल्याच रणजी सामन्यात, १९९४मध्ये हरयाणाविरुद्ध २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीत एकंदर अकरा हजारांवर धावा जमवल्या, तरी भारतीय संघात त्याची निवड कधीच झाली नाही. ती पाळीही आली नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट कल्याणची. जानेवारी २०१६मध्ये प्रणव धनावडे याने भंडारी चषकाच्या शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या आणि ए. ई. जे. कॉलिन्सचा १८९९ सालचा ६२८ धावांचा विक्रम मोडला. त्याचे वडील रिक्षाचालक. सत्कार झाले, क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे अपेक्षांच्या भाराखाली धावा आटल्या, तेव्हा २०१७मध्ये कुटुंबानेच शिष्यवृत्ती थांबवण्याची विनंती संघटनेला केली. त्या पत्रातील प्रामाणिकपणाची बातमी हजार धावांच्या बातमीएवढी मोठी छापली गेली नाही, हे खटकते. आणि त्या सामन्यातील दुसरा संघ? समोरच्या शाळेची मोठी मुले परीक्षेमुळे आली नव्हती. लहानग्यांनी १४६५ धावा होईपर्यंत क्षेत्ररक्षण केले आणि मग त्यांचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत संपले. त्या मुलांचेही आई-वडील कुंपणाशी उभे असणार.

परतीच्या गाडीत मुलाला काय विचारावे, असे नवे पालक जुन्यांना विचारतात. जुने सांगतात, काही विचारू नका, डबा उघडा. बोलायचे असेल तर तो करी रोड येण्याआधी आपणहून बोलेल. नाही बोलला तर किट बॅग उचलून जिना चढावा. घरात शिरताना आजीला मात्र डोळ्यांनी खूण करावी, कारण ‘किती केलेस?’ हा प्रश्न तिच्या ओठांवर तयारच असतो.

अमोल मुजुमदार २०२३मध्ये भारतीय महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हाही तो सीमारेषेबाहेरच होता.