जांघेतली जखम आणि मामांची लाज

(लेखी प्रत. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचा नेट पॅक संपलाय, त्यांच्यासाठी. बोलताना घेतलेले 'म्हणजे', 'तर' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

००:००

आधीच सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला माणूस, डॉक्टर नाही. पण आजचा विषय माझ्या घरातून आलाय. माझे मामा राजूरचे. वणीजवळचं आपलं राजूर, कोळशाची खाण आणि चुन्याचे भट्टे असलेलं. मामांची नोकरी खाणीत गेली. सोबतीला बिडी, आणि बिडी नसेल तेव्हा खर्रा. त्यात दहा वर्षांपासून शुगर.

मागच्या वर्षी त्यांना शंभर पावलं चाललं की पोटरीत गोळा यायला लागला. थांबले की बरं वाटायचं. मग अंगठ्याची जखम भरेना. नागपूरला तपासलं तर मांडीतली रक्ताची मोठी नळी जवळपास बंद. डॉक्टरांनी पायाची बायपास केली: मामांच्याच पायातली एक शीर काढून बंद रस्त्याच्या बाजूने नवा रस्ता जोडला. ऑपरेशन छान झालं, पाय गरम झाला. सहाव्या दिवशी आम्ही त्यांना घरी आणलं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

०२:१० – चौदावा दिवस

मी पुण्यात. ऑपरेशनच्या चौदाव्या दिवशी व्हिडिओ कॉल केला तर मामा वाकून चालत होते. विचारलं, "मामा, दुखतंय का?" तर म्हणाले, "काही नाही रे, थोडंसं पाणी येते. कायले सांगू सगळ्याइले? जागा तशी हाये."

जागा म्हणजे जांघ. चार दिवस लुंगीला डाग पडत होते. ते स्वतःच धूत होते आणि मामींनाही सांगत नव्हते. वर कोणीतरी दिलेली पावडर जखमेवर टाकत होते. त्याच रात्री गाडी करून परत नागपूर, तीन तास तरी लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पाय सांगता आला नसता.

०३:३० – जांघेतच का?

हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारला, मग बरंच वाचलं. पायाच्या बायपाससाठी मुख्य धमनी जिथे सहज सापडते ती जागा जांघेत आहे. म्हणून चीर तिथे. पण जखम भरायला ती जागा वाईट. एकतर घडी, त्यामुळे घाम आणि ओल. शौचाची-लघवीची जागा शेजारीच, म्हणजे जंतूंची वस्ती दाट. शिवाय धमनीच्या भोवती लसिकावाहिन्यांचं जाळं असतं. त्या कापल्या गेल्या की आत पाणी साठतं किंवा टाक्यांतून पाझरतं. साठलेल्या पाण्यात जंतूंची चंगळ.

आता पेशंट बघा. ज्याला ही बायपास लागते, त्याचा रक्तपुरवठा मुळातच कमी. जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणि ऑक्सिजन रक्तातूनच येतात. शुगर वाढलेली असेल तर त्या पेशी ढिल्या पडतात. तंबाखूतलं निकोटिन बारीक नळ्या आकसून टाकतं. थोडक्यात, ज्याला जखम भरायला सगळ्यात जास्त रक्त हवं, त्याच्याकडेच ते सगळ्यात कमी.

०५:०० – किती खोल गेलंय?

डेट्रॉईटचे सर्जन सिलागी यांनी १९७२ साली या इन्फेक्शनच्या तीन पायऱ्या मांडल्या. आजही तीच भाषा चालते. पहिली: फक्त कातडी. दुसरी: कातडीखालच्या चरबीपर्यंत, पण नवी नळी सुरक्षित. तिसरी: नळीलाच इन्फेक्शन.

तिसरीला सगळे घाबरतात, आणि बरोबरच आहे. नळी कृत्रिम असेल तर जंतू तिच्यावर चिकट थर करून बसतात. त्या थरात अँटिबायोटिक नीट पोचत नाही. बहुतेकदा नळीच काढावी लागते. आणि जोडावरचे टाके सैल झाले तर धमनीतून धो-धो रक्त जातं. तिथे जिवाचा प्रश्न येतो.

मामा दुसऱ्या पायरीवर सापडले. जखम उघडून धुतली, काही आठवडे ड्रेसिंग चाललं. पाय वाचला.

०६:२० – एक छोटी जुनी गोष्ट

रक्तवाहिन्या शिवायच्या कशा हे नीट दाखवून देणारे फ्रेंच सर्जन अलेक्सिस कारेल. त्यांना १९१२ चं नोबेल मिळालं. पुढे पहिल्या महायुद्धात हेच कारेल, केमिस्ट हेन्री डेकिन यांच्यासोबत, सैनिकांच्या सडणाऱ्या जखमा औषधी पाण्याने धुण्याची पद्धत बसवत होते. नळी जोडण्यात जगात पहिला नंबर असलेल्या माणसालाही शेवटी जखमेतल्या जंतूंशीच झगडावं लागलं.

०७:०० – ऑपरेशनच्या आधी काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये यावर जगभरासाठी सूचना काढल्या. त्यातल्या आपल्या कामाच्या सांगतो.

आदल्या दिवशी किंवा सकाळी साबणाने स्वच्छ आंघोळ. केस घरी वस्तऱ्याने किंवा रेझरने काढू नका. 'साफ करून जाऊ' म्हणून आपण हमखास करतो ते हेच. रेझरने न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात आणि जंतूंना घर मिळतं. गरज असेल तर हॉस्पिटलात क्लिपरने काढतात.

अँटिबायोटिकचा डोस चीर देण्याआधी, दोन तासांच्या आत द्यायचा असतो. आणि इन्फेक्शन होऊ नये म्हणून दिलेलं हे औषध ऑपरेशन संपल्यावर दिवसेंदिवस चालू ठेवू नये, असंही त्याच सूचनांत आहे. म्हणजे 'पाच दिवस जास्त गोळ्या, पाच पट सेफ' हे गणित चुकीचं. इन्फेक्शन झालंच तर कोर्स वेगळा असतो आणि तो पूर्ण करायचा. पण मेडिकलमधून मनाने आणलेल्या गोळ्या नकोत. ताप दबतो, आतलं वाढत राहतं.

बिडी, सिगरेट, खर्रा: जमेल तितक्या आधी बंद. चार आठवडे मिळाले तर उत्तम. शुगर ताब्यात.

०८:३० – घरी आल्यावर, तुमचं काम

हे खास तुमच्यासाठी, कारण घरात स्मार्टफोन तुमच्या हातात आहे. अशी बरीच इन्फेक्शन्स पेशंट घरी आल्यावर दिसतात. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या नियमांत पायाच्या बायपासनंतर खोल इन्फेक्शनवर ९० दिवस नजर ठेवतात. म्हणजे डिस्चार्ज झाला म्हणून सुटलो नाही.

रोज एकाच वेळी, एकाच उजेडात जखमेचा फोटो काढा. आम्ही लोकं सर्व्हरचे लॉग ठेवतो तसंच. एका फोटोवरून काही कळत नाही, कालचा आणि आजचा शेजारी ठेवला की कळतं. जांघेसोबत मांडीवरची शीर काढलेली लांब चीरही बघा. फोटो डॉक्टरांना पाठवायचा, फॅमिली ग्रुपवर नाही. पेशंटची लाज राखली तरच तो दाखवेल.

कडेला थोडी लाली आणि पायाला थोडी सूज सुरुवातीला असू शकते. पण लाली पसरतेय, कमी झालेलं दुखणं पुन्हा वाढतंय, पाणी किंवा पू येतोय, वास येतोय, टाके उघडतायत, ताप आहे: यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन. पाय अचानक थंड किंवा पांढरा पडला तर लगेच निघायचं. आणि जखमेतून भळाभळा रक्त आलं तर स्वच्छ कापड ठेवून हाताने जोरात दाबायचं, सोडायचं नाही, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा.

हळद, राख, चुना, पावडर: जखमेवर काहीही नाही. जागा कोरडी, हात धुतलेले, लुंगी रोज धुतलेली. बस.

आणि डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टी लिहून घ्या: रात्री कोणाला फोन करायचा, आणि जवळ कुठे दाखवायचं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

१०:४० – शेवटचं

मामा आता वणीच्या बाजारात चालत जातात. परवा फोनवर म्हणाले, "तुह्या त्या एपिसोडात माह्यं नाव नको घेऊ, पण सांगून दे लोकाइले. लाज वाटली न, तर पाय जाते."

तर तेच सांगितलं. तुमच्याही घरात कोणी ऑपरेशन करून आलं असेल, तर आज रात्री, दार लावून, एकदा विचारा: "दाखवा बरं, जखम कशी आहे?"

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.