मानसशास्त्रज्ञांचे कायदेशीर नियमन

मानसशास्त्राचा व्यवसाय कोणी करावा, त्यासाठी कोणते शिक्षण व प्रशिक्षण आवश्यक मानावे, व्यावसायिकाची नोंदणी कोणाकडे व्हावी आणि त्याच्या हातून चूक झाल्यास दाद कोठे मागावी, हे ठरवणाऱ्या कायद्यांच्या व संस्थांच्या व्यवस्थेस मानसशास्त्रज्ञांचे कायदेशीर नियमन असे म्हणतात. भारतात सर्व मानसशास्त्रज्ञांना लागू होणारा एकच परवाना नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये होते. इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक २०२१ च्या कायद्याच्या कक्षेत आले. शालेय मानसशास्त्रज्ञ या नावाचा स्वतंत्र परवाना मात्र अस्तित्वात नाही. त्यामुळे शाळकरी मुलाच्या तपासणीचा अहवाल कायद्याने ग्राह्य ठरेल की नाही, हे अहवालातील मजकुराइतकेच त्याखालील स्वाक्षरीवर अवलंबून असते.

संज्ञा

मराठी व्यवहारात या क्षेत्रातील संज्ञांची सरमिसळ आढळते. मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो व तो औषधे लिहून देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्यास बोलीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात तो, डॉक्टर नसतो. मानसशास्त्रीय चाचण्या, निदानास साहाय्य आणि मानसोपचार हे त्याचे काम होय. समुपदेशक ही संज्ञा सर्वांत सैल आहे. काही आठवड्यांचे प्रमाणपत्र घेतलेली व्यक्ती आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेली व्यक्ती या दोघीही हीच पाटी लावताना दिसतात. विशेष शिक्षक हा अध्यापनाचा व्यावसायिक असून त्याची नोंदणी स्वतंत्र प्रवर्गात होते.

पार्श्वभूमी

भारतात विद्यापीठीय मानसशास्त्राचा आरंभ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोलकाता विद्यापीठात झाला. महाराष्ट्रात हा विषय विद्यापीठाबाहेरही रुजला. पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने बुद्धिमापन व शिक्षण यांची सांगड घातली, तर ठाण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या संस्थेने मानसिक आरोग्याचा विषय सर्वसामान्य कुटुंबांपर्यंत नेला.

विषयाचा प्रसार होत असताना कायदा मात्र मागे राहिला. १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट आणि त्याच्या जागी आलेला १९८७ चा मानसिक आरोग्य अधिनियम या दोहोंचा भर रुग्णालये, रुग्णांचा प्रवेश व त्यांची मालमत्ता यांवर होता. मानसशास्त्रज्ञांच्या नोंदणीची व्यवस्था त्यांत नव्हती.

भारतीय पुनर्वास परिषद

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम संसदेने १९९२ मध्ये संमत केला व १९९३ मध्ये तो अमलात आला. अपंग व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी काम करणाऱ्या व्यावसायिकांचे शिक्षण प्रमाणित करणे आणि त्यांची केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवणे ही परिषदेची मुख्य कार्ये होत. वाचा व श्रवणतज्ज्ञ, विशेष शिक्षक इत्यादींबरोबर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचा समावेश या व्यावसायिकांत होतो.

अधिनियमाचे १३ वे कलम महत्त्वाचे आहे. नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीस पुनर्वास व्यावसायिक म्हणून शासकीय पद धारण करता येत नाही, भारतात कोठेही तसा व्यवसाय करता येत नाही, कायद्याने अशा व्यावसायिकाची स्वाक्षरी आवश्यक असलेले प्रमाणपत्र देता येत नाही आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्षही देता येत नाही. उल्लंघनास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. दंडाची ही रक्कम आजच्या काळात नाममात्र वाटते. कलमाचा खरा परिणाम दंडापेक्षा प्रमाणपत्राच्या वैधतेवर होतो.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्याचा रूढ मार्ग म्हणजे मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. ही पदवी बंद केल्यावर चिकित्सा मानसशास्त्र व मनोसामाजिक कार्य या दोन शाखांना २०२५-२६ पर्यंत सवलत देण्यात आली.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७

हा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची व्याख्या प्रथमच स्पष्टपणे करण्यात आली व ती पुनर्वास परिषदेच्या मान्यतेशी जोडण्यात आली. राज्यातील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मानसिक आरोग्य परिचारिका व मनोसामाजिक कार्यकर्ते यांची मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंदणी करण्याचे काम राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे सोपवण्यात आले. १०६ व्या कलमानुसार कोणत्याही व्यावसायिकास आपल्या व्यवसायक्षेत्राबाहेरचे औषध वा उपचार सुचवता येत नाहीत.

२०२१ चा अधिनियम

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगळता उरलेल्या मोठ्या वर्गाचा प्रश्न राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याने हाती घेतला. त्याच्या अनुसूचीत दहा व्यवसायगट असून वर्तनविषयक आरोग्यशास्त्राच्या गटात मानसशास्त्रज्ञ, वर्तनविश्लेषक, आरोग्य समुपदेशक व सामाजिक कार्यकर्ते यांचा समावेश आहे. अपंग व्यक्तींसाठी काम करणारे व पुनर्वास परिषदेच्या कक्षेत येणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यातून वगळले आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण ठरवण्यात आले असून राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा व नोंदवह्या अशी रचना कायद्यात आहे. याच कायद्याचा आधार घेऊन विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मानसशास्त्रासह काही विषयांचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करण्याचे निर्देश दिले. प्रत्यक्ष देखरेखीखालील सरावाशिवाय हा व्यवसाय शिकता येत नाही, हे त्यामागील तत्त्व होय.

शालेय मानसशास्त्रज्ञ

शाळेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाची पात्रता ठरवणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१८ च्या संलग्नता नियमांत माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांसाठी समुपदेशक नेमण्याची अट घातली आहे. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून काही वर्षे कल चाचणी घेण्यात आली. मात्र चाचणीचा निष्कर्ष मुलाला समजावून सांगणारी प्रशिक्षित व्यक्ती प्रत्येक शाळेत असावी, अशी व्यवस्था तिच्या जोडीने उभी राहिली नाही. हे काम बहुधा वर्गशिक्षकांवरच आले.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात मानसिक आरोग्य हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगून शिक्षणसंस्थांसाठी देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने बाल व किशोर मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील व्यावसायिकांशी औपचारिक संबंध जोडून घ्यावेत, असे त्यांत म्हटले आहे. न्यायालयाने प्रशिक्षणाची अट घातली. त्या प्रशिक्षणाचा परवाना मात्र अद्याप निर्माण व्हावयाचा आहे.

अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र

नियमनाचा सर्वांत थेट परिणाम अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांवर होतो. वाचन, लेखन किंवा गणित यांत बुद्धीच्या मानाने फार मागे पडणाऱ्या अशा मुलांना महाराष्ट्र शासनाने १९९६ पासून शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांत समावेश केला. लेखनिकाची मदत आणि अधिक वेळ या सवलतींसाठी सक्षम वैद्यकीय प्राधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते.

केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा प्रमाणन मंडळात जिल्हा शल्यचिकित्सकासारखा वैद्यकीय अधिकारी, बालरोगतज्ज्ञ, चिकित्सा किंवा पुनर्वास मानसशास्त्रज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ, विशेष शिक्षक किंवा प्रशिक्षित शिक्षक यांचा समावेश असतो. प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर देता येते. चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होते.

तालुकास्तरावरील स्थिती

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याच्या उदाहरणावरून या व्यवस्थेचा ग्रामीण भागातील अर्थ ध्यानी येतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे हे जन्मगाव नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरवर असून तालुका द्राक्षे व कांदा यांसाठी प्रसिद्ध आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागल्यास येथील शेतमजूर पालकाचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो, आणि चाचण्या एका बैठकीत पूर्ण होत नसल्याने एकाहून अधिक खेपा कराव्या लागतात. द्राक्षांचा तोडणी हंगाम व दहावीची परीक्षा साधारणतः एकाच सुमारास येतात. अशा वेळी जवळपास मिळणारा, परंतु नोंदणी नसलेल्या व्यक्तीचा अहवाल पालक विश्वासाने घेतात. तो मंडळापुढे ग्राह्य ठरत नाही, आणि ही गोष्ट उशिरा कळल्यास मुलाचे वर्ष पणाला लागते. पैसे जातात ते वेगळेच.

म्हणून तपासणी दहावीच्या वर्षापर्यंत लांबवू नये. मुलाची अडचण प्रथम वर्गशिक्षकाच्या लक्षात येते. ती आळस किंवा मठ्ठपणा नव्हे हे ओळखून पालकांना योग्य दारी पाठवणे, हे शाळेचे काम ठरते. निदान करणे हे मात्र शिक्षकाचे काम नव्हे.

नोंदणीची खातरजमा

पुनर्वास परिषदेची नोंदवही संकेतस्थळावर पाहता येते. व्यावसायिकास त्याचा नोंदणी क्रमांक, प्रवर्ग व नोंदणीची मुदत विचारणे हा पालकांचा अधिकार आहे. विशेष शिक्षकाचा नोंदणी क्रमांक म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी नव्हे, त्यामुळे प्रवर्ग पाहणे अगत्याचे असते. तातडीच्या मानसिक साहाय्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क शासकीय सेवा उपलब्ध आहे.

इतर देशांतील व्यवस्था

अमेरिकेत परवाना राज्यनिहाय दिला जातो. कनेटिकट राज्याने १९४५ मध्ये याविषयी पहिला कायदा केला. तेथे शालेय मानसशास्त्रज्ञांना बहुधा राज्याच्या शिक्षण विभागाकडून स्वतंत्र मान्यता मिळते. ब्रिटनमध्ये २००९ पासून चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ इत्यादी पदनामे कायद्याने संरक्षित आहेत, परंतु नुसता मानसशास्त्रज्ञ हा शब्द तसा नाही. ऑस्ट्रेलियात २०१० पासून राष्ट्रीय नोंदणी असून तेथे मानसशास्त्रज्ञ हा शब्दच संरक्षित आहे. भारतात २०२१ च्या अधिनियमाखालील राज्य परिषदा व नोंदवह्या पूर्णपणे कार्यान्वित झाल्यावर येथील समुपदेशकाच्या पाटीमागील पात्रताही तपासता येईल.