साहेब, शनिवारपासून मी नाही

गणपतीच्या रजेची हालचाल वागळे इस्टेटमध्ये जुलैतच सुरू होते. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 पूर्वी ते 120 दिवस आधी उघडायचं. 2026 ची चतुर्थी 14 सप्टेंबरची, सोमवारची. शनिवारी 12 तारखेला निघायचं, तर 14 जुलैला सकाळी 8 च्या ठोक्याला मोबाइल हातात हवा. अशा सकाळी रोड नंबर 16 आणि 22 च्या शेडमध्ये मशीन जरा उशिराच सुरू होतात. सेटर, हेल्पर, पॅकिंगच्या बायका, सगळे कोकणकन्या नाहीतर तुतारी एक्स्प्रेसच्या मागे. काही मिनिटांत वेटिंग लागतं. ज्याला कन्फर्म मिळालं तो ओरडतो, आणि लगेच केबिनकडे बघून आवाज खाली आणतो. तिकीट निघालेलं असतं, रजा अजून मागायची असते.

गुंता इथेच आहे. तिकीट 60 दिवस आधी. रजेचा अर्ज मात्र 1948 च्या कारखाने कायद्याने घालून दिल्याप्रमाणे रजेच्या किमान 15 दिवस आधी, लेखी, मॅनेजरकडे. आमच्याकडे आजही तीच चाल आहे. मधले 45 दिवस कोणत्याच कागदावर नसतात. त्या दिवसांत जे चालतं ते म्हणजे साहेबांच्या कानावर घालणं, आणि घातलेलं जिरलं की काय ते बघून पुन्हा घालणं. रजा मागायला फार अक्कल लागत नाही. मागितलेल्या रजेची आठवण कशी करून द्यायची, यात माणसाचं पाणी कळतं.

मी इथल्या एका लहान इंजिनिअरिंग युनिटमध्ये हजेरी आणि पगाराच्या टेबलावर बसते. केबिनचं दार माझ्या उजव्या हाताला, त्यामुळे रजेच्या बाबतीत आत काय बोललं गेलं ते मला वेगळं विचारावं लागत नाही. दारापर्यंत येऊन परत गेलेली माणसंही मला दिसतात.

आमचा व्हीएमसी मशीनचा सेटर सावंतवाडीकडचा. आठवण करून देणं त्याच्याकडून शिकावं. तो सकाळी कधीच केबिनकडे जात नाही. सकाळी शेठ कालचं रिजेक्शन बघत असतात आणि कुणावर तरी चढलेले असतात. महिनाअखेरीलाही नाही, पार्टीचा इन्स्पेक्टर आला असेल त्या दिवशी तर नाहीच. चारचा चहा होतो, डिस्पॅचचा टेम्पो गेटबाहेर पडतो, शेठ चष्मा काढून टेबलावर ठेवतात. तेव्हा तो वेस्टने हात पुसत दारात उभा राहतो. एक पाय आत, एक बाहेर. बसायचं नसतं. बसलं की बोलणी होतात.

"शेठ, फ्लँजच्या लॉटचं दुसरं सेटिंग शुक्रवारी लावून ठेवतो. प्रोग्राम सेव्ह आहे, ऑफसेट वहीत लिहिलेत, इन्सर्ट कधी बदलायचा ते पोराला दाखवलंय. शनिवारपासून मी नाही."

"हां हां, गणपती. किती दिवस?"

"21 ला सोमवारी कामावर."

झालं. शेठना आकडा हवा होता नऊ दिवसांचा, त्याने दिली परतीची तारीख. मी रजिस्टरमध्ये आधीच बघून ठेवलेलं असतं: 12 ते 20 असे नऊ दिवस, त्यात 13 आणि 20 रविवार, 14 चतुर्थीची सुट्टी, म्हणजे पगारी रजा कापल्या जाणार फक्त 6. ऐकायला 6 थोड्या वाटतात. पण कायद्याच्या हिशेबाने 20 दिवस काम केलं की 1 पगारी रजा जमते. म्हणजे त्या 6 रजांमागे 120 दिवस मशीनपुढे उभं राहणं आहे. हा हिशेब शेठना माहीत असतो, सेटरलाही असतो, आणि दोघंही तो केबिनमध्ये काढत नाहीत. काढला की मागणारा हक्कावर येतो आणि देणारा उपकारावर.

त्याच दुपारी आमच्या पॅकिंगमधली एक बाई केबिनमध्ये गेली. रजा मंजूर होती, अर्जावर सही माझ्या फायलीत होती. ती म्हणाली, "शेठ, ते माझ्या सुट्टीचं… बघाल ना?" शेठ म्हणाले, "बघू." झालेलं काम तिने आपल्या हाताने उसवलं. मंजूर रजेला प्रश्नचिन्ह लावलं की समोरच्याला वाटतं अजून ठरायचं आहे, आणि ठरवायचं असलं की कुठलाही शेठ आधी ऑर्डर बघतो. दोन दिवस ती माझ्याकडे येऊन विचारत होती, मॅडम, आता काय होईल? मी तिला फाइल दाखवली आणि सांगितलं, पुन्हा आत जा आणि माल मोजून कुणाच्या ताब्यात देणार तेवढंच सांगून ये. रजेचा शब्द काढू नकोस. तिने तसंच केलं. शेठ म्हणाले, "चावी पण तिच्याकडे दे."

(या बाईची रजा म्हणजे तरी काय, घरी पंधरा माणसांचं जेवण. कामावर आल्यावर ती दोन दिवस पाय धरून बसते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

आठवणीत काम कुणाकडे जाणार हे आलं पाहिजे, असं मी म्हणते ते शिष्टाचार म्हणून नाही. शेठच्या डोक्यात तुमचं नाव नसतं, तुमची मशीन असते. "मी नाही" ऐकलं की त्यांना मशीन बंद दिसते. मशीन चालू दिसली की माणूस गेला तरी हरकत नसते. मुंबईच्या गिरण्यांत हा प्रश्न दुसऱ्या वाटेने सुटायचा. सकाळी गेटवर बदली कामगार उभे असत आणि चाकरमानी गावाला गेला की त्याच्या मागावर बदली उभा राहायचा. चाळीस माणसांच्या शेडला बदली कुठून आणणार? आणि व्हीएमसीचं सेटिंग गेटवरून उचलून आणलेल्या माणसाला जमत नाही.

म्हणून इथे बदल्या आपापसात ठरतात. शेठच्या खुर्चीमागे कालनिर्णय टांगलेलं आहे. वर्षाच्या सुरुवातीला ते भिंतीवर लागतं आणि आठवड्याभरात त्यावर पेन्सिलीच्या खुणा दिसायला लागतात. कोकणातल्यांच्या खुणा शिमग्याला आणि गणपतीला. सातारा-कोल्हापूरकडच्यांच्या चैत्र-वैशाखात, गावच्या यात्रेला. एकजण आषाढीला पालखीबरोबर चालतो, त्याची खूण दर वर्षी एकाच जागी. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या ऑपरेटरांच्या होळीला आणि छठला, शिवाय लग्नासाठी मे महिन्यात. लेथवरचा कोकणी गडी आणि त्याच्या शेजारचा छपऱ्याचा गडी यांचा कित्येक वर्षांचा करार आहे: गणपतीत तू माझ्या दोन्ही मशीन बघ, छठला मी तुझ्या. शेठपुढे ते दोघं एकदमच जातात. एक म्हणतो मी चाललो, दुसरा म्हणतो मैं हूँ. अशा आठवणीला नाही म्हणायला शेठकडे काही उरत नाही.

कायदा या सगळ्याच्या मागे उभा असतो, पण तो कुणी केबिनमध्ये नेत नाही. 1948 च्या कायद्यात मला सगळ्यात आवडणारं कलम 81 वं. सलग 4 दिवसांहून कमी नाही अशी रजा मंजूर झाली, तर त्या दिवसांचा पगार रजा सुरू व्हायच्या आधी हातात द्यावा लागे. कायदा लिहिणाऱ्याला माहीत असावं की माणूस गावाला रिकाम्या हाताने जात नाही. अर्ज वेळेत आला आणि तरी रजा नाकारली, तर ती शिल्लक 30 दिवसांच्या मर्यादेबाहेरही पुढे नेता यायची, हेही त्यातच होतं. पगारी रजा मिळायला वर्षात 240 दिवस भरावे लागत. 2020 च्या नव्या संहितेत ते 180 वर आणले. शेडमध्ये यातलं फार थोडं कुणाला पाठ असतं. 15 दिवसांचं मात्र सगळ्यांना माहीत असतं, कारण ते शेठच सांगतात.

ज्यांना रजा मिळत नाही, किंवा मागायचा धीर होत नाही, त्यांना चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताप येतो. कामगार हॉस्पिटल इस्टेटमध्येच आहे. ईएसआयच्या आजारपणाच्या भत्त्यात पगाराच्या 70 टक्के मिळतात आणि सर्टिफिकेट असलं की शेठचं काही चालत नाही. पण तापाचा माणूस मालवणहून परत येतो तेव्हा रंगाने दोन छटा काळा झालेला असतो, आणि पुढच्या वर्षीच्या त्याच्या खऱ्या तापावरही कुणी विश्वास ठेवत नाही. मला हा मार्ग पटत नाही. तो निवडावा लागतो अशी शेड मला त्याहून कमी पटते.

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ आलं तेव्हापासूनची ही वसाहत. आज तिच्यात शेड आणि काचेच्या इमारती एकमेकींना खेटून आहेत. आमच्या पत्र्याच्या छपरासमोर आयटी पार्क. दुपारी चहाच्या टपरीवर गळ्यात ओळखपत्र लटकवलेली मुलं-मुली येतात, आणि पावसाळ्यात त्यांच्याही बोलण्यात हाच विषय असतो. त्यांच्याकडे रजा पोर्टलवर टाकतात. मॅनेजर ऐरोलीत, कधी पुण्यात, कधी बेंगळुरूत. तो मोबाइलवर हिरवं बटण दाबतो आणि त्याच क्षणी विसरतो. रजिस्टरवर सही करताना शेठना निदान माणसाचं तोंड दिसतं. बटण दाबणाऱ्याला फक्त तारखा दिसतात. त्यामुळे पोर्टल आलं म्हणून आठवण करून द्यायची गरज संपली असं झालं नाही, उलट वाढली. रजेच्या पहिल्याच सकाळी "कॉलला का नाही आलास?" असा मेसेज आलेला एक मुलगा मला टपरीवर भेटला होता. मंजुरी पोर्टलवर होती, दोघांच्याही मोबाइलमध्ये.

त्यातली एक मुलगी मला फार हुशार वाटली. ती मॅनेजरला आठवणीचा मेसेज पाठवतच नाही. रजेच्या दहा दिवस आधी त्याच्या कॅलेंडरवर नोंद टाकते आणि आठवड्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारते, "मी नसताना क्लायंटचा रिपोर्ट कुणी पाठवायचा?" रजेबद्दल प्रश्नच नाही, रिपोर्टबद्दल आहे. आमच्या सेटरची आणि तिची ओळख नाही, पण दोघांचा हात सारखा चालतो. तिच्या अडचणी मात्र वेगळ्या. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती सप्टेंबरच्या मध्यावर सरकली, आणि 30 सप्टेंबरला सहामाही संपते. अधिक महिन्याचा फटका पुण्या-बेंगळुरूच्या मॅनेजरला कसा समजावायचा? तिने त्याला जुलैतच सांगून टाकलं होतं की आकडे 11 तारखेपर्यंतचे देईन, पुढचे अमुक देईल.

दुकाने आणि कचेऱ्यांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे. तेव्हा दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी त्याने वर्षाला 8 नैमित्तिक रजा दिल्या आणि कमावलेली रजा 45 दिवसांपर्यंत साठवायची मुभा दिली. 15 दिवस आधी मागूनही नाकारली, तर 45 च्या वरची रजा पैशात मागता येते. टपरीवर हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "मावशी, पैसे नकोत हो, आरतीला पोचलो तरी पुरे."

व्हॉट्सॲपबद्दल एवढंच सांगते की आठवण ग्रुपवर टाकू नये. ग्रुपवर टाकली की शेठना ती आपली हजेरी घेतल्यासारखी वाटते, आणि खाली लगेच तिघांचे "शेठ, माझी पण" येतात. एकट्याला पाठवावी, सकाळच्या हात जोडलेल्या फुलांच्या फोटोबरोबर पाठवू नये, आणि निळी खूण आली म्हणून कानावर गेली असं समजू नये. शेठ मेसेज गाडीत बघतात. सिग्नल सुटला की तीन हात नाक्यावरच तो मागे राहतो.

एक गोष्ट मात्र मी सगळीकडे सारखीच पाहिली. जाण्याची तारीख कितीही वेळा सांगा, शेठ आणि मॅनेजर ती विसरतात. परतीची तारीख एकदाच सांगितलेली असते आणि ती त्यांच्या पक्की लक्षात राहते. 20 तारखेच्या परतीच्या गाडीचं आरक्षण 22 जुलैला उघडतं, आणि ते जाण्याच्या तिकिटापेक्षा अवघड मिळतं. म्हणून सेटर केबिनमध्ये 21 सांगतो, पण माझ्याकडच्या अर्जावर 21 लाही रजा लिहून देतो. "मॅडम, गाडी लेट झाली तर," म्हणतो. गाडी वेळेवर आली की तो 21 ला हजर होतो, शेठ खूश, आणि मी ती एक रजा परत त्याच्या खात्यात चढवते. ती तो शिमग्याला वापरतो.