वसुली-संस्थेकडे गेलेले वैद्यकीय देणे : आक्षेपाचा अधिकार व त्याच्या मर्यादा

ऋणाचा विचार करताना आपण सामान्यतः असे गृहीत धरतो की, ऋणकोला रक्कम ठाऊक असते व ती मान्य करूनच त्याने व्यवहार केलेला असतो. वैद्यकीय ऋणास हे गृहीत लागू पडत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही गोष्ट विशेष ठळकपणे दिसते. आपल्याकडे रुग्णास दाखल करून घेतानाच बहुधा अनामत रक्कम मागितली जाते. तेथे मात्र १९८६ च्या संघीय कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाची तपासणी करणे व त्याची प्रकृती स्थिर करणे, त्याची ऐपत न पाहता, रुग्णालयावर बंधनकारक आहे. त्यामुळे उपचार आधी व हिशेब मागाहून, असा क्रम पडतो. रुग्णालय, शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ व प्रयोगशाळा यांची देयके पुष्कळदा निरनिराळी येतात; विमा कंपनीचा वाटा त्यांतून वजा व्हावयाचा असतो. या प्रवासात एखादा संकेतांक चुकला तरी सबंध रकमेचा बोजा रुग्णावर येऊन पडतो, आणि ती वेळेवर न भरली गेल्यास प्रकरण वसुली-संस्थेकडे जाते. उच्च शिक्षणासाठी तेथे गेलेले आपले विद्यार्थी व त्यांच्या भेटीस जाणारे आईवडील यांवरही हा प्रसंग येऊ शकतो. म्हणून या विषयाचे विवेचन अप्रस्तुत ठरू नये.

या क्षेत्रातील मूलभूत कायदा १९७७ चा. तो मुख्यतः दुसऱ्याचे ऋण वसूल करणाऱ्यांस लागू आहे. स्वतःच्या नावाने स्वतःचे येणे मागणाऱ्या रुग्णालयास नाही. पहिल्या संपर्कापासून पाच दिवसांच्या आत वसुली-संस्थेने धनकोचे नाव, रक्कम व आक्षेपाचा अधिकार कळविणारी सूचना दिली पाहिजे. ती मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ऋणकोने लेखी आक्षेप घेतल्यास, पडताळणीचे कागद मिळवून ते त्यास धाडीपर्यंत संस्थेस वसुली थांबवावी लागते. येथे ‘लेखी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दूरध्वनीवरील तक्रारीने वसुली थांबविण्याचे बंधन उत्पन्न होत नाही. म्हणून पत्र पोचपावतीसह पाठवावे व त्याची प्रत जपून ठेवावी. मुदत टळली म्हणजे ऋण मान्य झाले, असा अर्थ न्यायालयास काढता येत नाही. तथापि वसुली थांबविण्याचे साधन मात्र हातचे निसटते.

३० नोव्हेंबर २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनी या सूचनेत रकमेची फोड देणे आवश्यक केले. शिवाय, ऋणकोशी आधी संपर्क न साधता त्याचे देणे परस्पर पतअहवालात नोंदविण्याच्या प्रथेसही त्यांनी प्रतिबंध घातला.

परंतु या अधिकाराचे मूल्य त्याच्या मर्यादेसह समजून घेतले पाहिजे. ‘पडताळणी’ची व्याख्या कायद्याने दिलेली नाही. चौथ्या विभागाच्या अपील न्यायालयाने १९९९ साली चौधरी विरुद्ध गॅलेरिझो या प्रकरणात असे ठरविले की, मागितलेली रक्कम धनको सांगतो तीच आहे, एवढे लेखी कळविले म्हणजे पडताळणी झाली. उदाहरणार्थ, चुकीच्या संकेतांकामुळे विमा कंपनीने १,८०० डॉलरचा दावा नाकारला आहे, अशी कल्पना करू. वसुली-संस्था रुग्णालयाकडे विचारणा करील, रुग्णालय १,८०० हाच आकडा सांगेल, आणि पडताळणी पूर्ण होईल. आकडा खरा, पण प्रश्न तसाच! सारांश, वसुली-संस्थेकडील आक्षेपाने वेळ मिळतो. देण्याचे मूळ तपासले जातेच असे नाही.

ते मूळ अन्यत्र तपासावे लागते. प्रथम रुग्णालयाकडून तपशीलवार देयक मागवून ते विमा कंपनीच्या खुलासापत्रकाशी ताडून पाहावे. दावा नाकारला गेला असल्यास बहुतेक आरोग्यविमा योजनांत नकाराच्या सूचनेपासून १८० दिवसांत कंपनीकडेच अपील करता येते व त्यानंतर बाह्य पुनर्विलोकन मागता येते. करमुक्त धर्मादाय रुग्णालयांना २०१० च्या कायद्याने आर्थिक साहाय्याचे लेखी धोरण ठेवणे भाग पाडले आहे. उपचारांनंतरच्या पहिल्या देयकापासून २४० दिवसांपर्यंत आलेला साहाय्याचा अर्ज त्यांनी विचारात घेतला पाहिजे. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने विमाधारकास जाळ्याबाहेरील तातडीच्या उपचारांच्या वाढीव आकारणीपासून संरक्षण दिले. विमा नसलेल्याचे देयक पूर्वअंदाजापेक्षा किमान ४०० डॉलरने अधिक असल्यास १२० दिवसांत तंटा उपस्थित करण्याची सोयही त्यात आहे. यांपैकी प्रत्येक मुदत स्वतंत्र आहे. वसुली-संस्थेस पत्र पाठविले म्हणून इतर मुदती थांबत नाहीत, ही गोष्ट विसरता कामा नये.

पतअहवालाच्या बाबतीत स्थिती काहीशी सुधारली आहे. तीन प्रमुख पतसंस्थांनी २०२२ मध्ये फेडलेली वैद्यकीय देणी अहवालांतून वगळली व न फेडलेल्यांची नोंद एक वर्षापर्यंत लांबविली; २०२३ मध्ये ५०० डॉलरपेक्षा कमी देणीही वगळली. मात्र हे त्या संस्थांनी आपण होऊन उचललेले पाऊल आहे. सर्वच वैद्यकीय देणी वगळण्याचा जानेवारी २०२५ चा संघीय नियम टेक्सासमधील संघीय न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द ठरविला.

शेवटी न्यायालयाविषयी. पत्रास उत्तर न देणे आणि समन्सास उत्तर न देणे यांत महदंतर आहे. पहिल्या मौनाने ऋण सिद्ध होत नाही. दुसऱ्या मौनाने एकतर्फी हुकूमनामा होऊन वेतनजप्तीपर्यंत पाळी येऊ शकते. तसेच अनेक राज्यांत जुन्या देण्यापोटी अल्प रक्कम भरली तरी दाव्याची मुदत नव्याने सुरू होते. म्हणून तगादा टळावा एवढ्याच हेतूने काही भरणे हितावह नव्हे. ज्याने किंमत न विचारता, वेदनेच्या भरात उपचार स्वीकारले, त्यास ती किंमत तपासण्याची संधी मागाहून तरी मिळावी, हे या सर्व तरतुदींमागील तत्त्व होय. ती संधी मात्र आपोआप चालून येत नाही. ती मुदतीत व लेखी मागावी लागते.