घाटांतील रात्र आणि जुन्या मोटारीचे दिवे

पालघरहून मनोर व विक्रमगडमार्गे जव्हारास जाणारा रस्ता पुढें मोखाड्यावरून त्र्यंबकेश्वरास पोहोंचतो. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. २०१४ च्या ऑगस्टपासून जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यांत मोडतात. सह्याद्रीच्या या उतारावर पावसाळ्यांत मुसळधार पाऊस पडतो आणि ढग रस्त्यावरच उतरतात. मुंबई, ठाणें व नाशिक येथील पुष्कळ कुटुंबें नेमकीं याच दिवसांत दाभोसा येथील धबधबा किंवा सूर्यमाळचें पठार पाहावयास निघतात आणि परततांना रात्र करतात. गाडी जुनी असली म्हणजे घाटांत पहिली तक्रार निघते ती दिव्यांची. “दिवे अंधुक पडतात, मोठे बल्ब घालून घेतले पाहिजेत,” असें चालक म्हणतो, आणि चार दिवसांनीं ते घालूनहि घेतो.

श्रोतेहो, हा उपाय दिसावयास सरळ आहे. परंतु तो बहुधा चुकीच्या टोंकापासून सुरू केलेला असतो. जुना दिवा मंद कां होतो, तो कोणत्या क्रमानें सुधारावा आणि त्या सुधारणेची मर्यादा कोठें येते, या तीन प्रश्नांचा आज विचार करूं.

मोटारीच्या दिव्याचीं मुख्य अंगें तीन : प्रकाश देणारा तंतु, त्यामागील अंतर्गोल आरसा आणि पुढील कांच. तंतु आरशाच्या नाभीवर असला तर त्याचे किरण आरशावरून परतून समांतर पुढें जातात, आणि कांचेवरील उभ्या रेघा त्यांना रस्त्याच्या रुंदीभर पसरतात. तंतु एक-दोन मिलिमीटर जरी सरकला तरी झोताची दिशा व आकार बदलतो. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे पुढील बहुतेक गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

आतां मंदपणाचीं कारणें पाहूं. पहिलें कारण आरशाचें. वर्षानुवर्षें पावसाची ओल आंत शिरून आरशाचा मुलामा काळवंडतो. अशा आरशापुढें कितीहि प्रखर बल्ब ठेवला तरी त्याच्या प्रकाशाचा मोठा भाग तेथेंच जिरतो. आरशावरील ॲल्युमिनियमचा थर अत्यंत नाजूक असतो. तो फडक्यानें घासला कीं निघून येतो. म्हणून काळवंडलेला आरसा घासूं नये, संपूर्ण दिवाच नवा बसवावा.

दुसरें कारण तारांचें, आणि तेंच बहुधा मुख्य असतें. जुन्या गाडींत बॅटरीची वीज चालकाजवळच्या बटनापर्यंत येते, तेथून डिपरच्या खटक्यांत जाते आणि मग बारीक तारांतून दिव्यापर्यंत पोहोंचते. वाटेंतील प्रत्येक सांधा गंजलेला असतो, आणि प्रत्येक सांध्यावर विजेचा दाब थोडाथोडा खर्ची पडतो. तंतूच्या दिव्याचा नियम मोठा कडक आहे : दाब शेंकडा दहानें घटला तर प्रकाश शेंकडा तीसनें घटतो. इंजिन चालू ठेवून व दिवे लावून प्रथम बॅटरीच्या दोन टोंकांवर आणि नंतर बल्बाच्या होल्डरावर दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक फरक आढळला तर दोष बल्बाचा नसून वाटेचा आहे, असें समजावें.

यावरील उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड तार सरळ न्यावी, बॅटरीजवळच तिच्यावर फ्यूज बसवावा, आणि जुन्या बटनाकडे केवळ रिले उघडण्या-मिटण्याचें हलकें काम ठेवावें. दिव्याची अर्थिंगची तारहि साफ करून घट्ट आवळावी; पुष्कळ दिवे एवढ्यानेंच उजळतात. कोणत्याहि चांगल्या वायरमनला हें काम अर्ध्या दिवसाचें आहे.

जुन्या मोटारसायकलींची गोष्ट थोडी निराळी. त्यांपैकीं पुष्कळांचा पुढील दिवा बॅटरीवर चालत नाहीं. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकचक्राच्या वेटोळ्यांतून त्याला थेट वीज मिळते. इंजिन वेगानें फिरलें तर दिवा उजळतो, मंदावलें तर दिवा मंदावतो. घाट उतरतांना चालक इंजिनाची गति कमी करतो आणि नेमका त्याच वेळीं रस्ता अंधारतो. अशा गाडीला अधिक वॉटचा बल्ब लावला तर वेटोळ्यास तितकी वीज पुरवितां येत नाहीं आणि दिवा उलट तांबूस पडतो. तेथें वेटोळें व रेग्युलेटर तपासून घ्यावा आणि ठरविलेल्या वॉटचाच चांगला बल्ब घालावा.

वाट साफ झाल्यावर बल्बाकडे वळावें. साध्या बल्बांतील टंगस्टनचा तंतु तापून झिजतो आणि त्याचे कण कांचेवर काजळीसारखे बसतात. हॅलोजन बल्बांत आयोडीन किंवा ब्रोमीन यांचा अंश असतो. उडालेलें टंगस्टन त्याच्याशीं संयोग पावून पुनः तंतूवर येऊन बसतें. त्यामुळें तंतु अधिक तापवितां येतो आणि कांचहि स्वच्छ राहते. हे बल्ब १९६२ सालीं युरोपांतील मोटारींत आले. दूरचा व जवळचा असे दोन्ही तंतु एकत्र असलेला एच-४ हा प्रकार १९७१ पासून रूढ झाला. जुन्या धाटणीच्या ४५/४० वॉटच्या बल्बाच्या जागीं, होल्डरांत नीट बसणारा ६०/५५ वॉटचा हॅलोजन बल्ब मिळाला तर प्रकाश सुमारें दुप्पट होतो. या बल्बाच्या कांचेस बोट लावूं नये. बोटावरील तेलकट क्षाराचा डाग तापून कांच तेथेंच तडकते.

येथें दोन मोह टाळले पाहिजेत. पहिला १००/९० वॉटच्या बल्बांचा. साठ वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टांवर दहा अँपिअर वीज घेतात. शंभर वॉटचे दोन दिवे सतरा अँपिअरच्या आसपास घेतात. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढत असल्यामुळें ती पावणेतीन पट होते. बारीक जुन्या तारांचें वेष्टन त्यानें वितळतें, होल्डर करपतो आणि प्रसंगीं गाडी पेट घेते.

दुसरा मोह जुन्या दिव्यांत एल.ई.डी. घुसविण्याचा. एच-४ मधील जवळच्या तंतूखालीं धातूची एक लहानशी वाटी असते. तिच्यामुळें प्रकाश आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावरच पडतो आणि तेथून रस्त्याकडे खालीं वळतो. एल.ई.डी.चे प्रकाशबिंदु तंतूच्या नेमक्या जागीं क्वचितच येतात. मग झोत विस्कटतो. गाडीपुढील दहा पावलें झगमगतात आणि उरलेला प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. चालकास वाटतें, केवढा उजेड पडला! निळसर रंग दिलेल्या बल्बांचेंहि असेंच. तो रंग म्हणजे प्रकाश अडविणारा पडदाच असतो. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम, निर्मात्याच्या नोंदविलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करूं देत नाहीं.

बल्ब बसविल्यावर झोताचें लक्ष्य साधावें. सपाट जागेवर भिंतीपासून पांच मीटरांवर गाडी उभी करून जवळचा दिवा लावावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षां सुमारें पांच सेंटिमीटर खालीं पडली पाहिजे. ही परीक्षा गाडींत नेहमींचें ओझें ठेवूनच करावी. मागील आसनावर चौघे बसले आणि सामान भरलें कीं गाडीचें नाक वर उचललें जातें. रिकाम्या गाडींत नीट असलेला झोत मग समोरच्याच्या डोळ्यांवर येतो.

इतकें सर्व केल्यावरहि दिव्याची मर्यादा उरतेच. अंतर वाढतें तसा प्रकाश त्या अंतराच्या वर्गानें क्षीण होत जातो. म्हणून प्रकाश दुप्पट केला तरी दृष्टि दुप्पट लांब पोहोंचत नाहीं, फार तर १.४ पट पोहोंचते. घाटाच्या वळणावर तर झोत सरळ दरींत जातो आणि रस्ता वळून अंधारांत शिरतो. तेथें कोणताच बल्ब कामाचा नाहीं. धुक्यांत दूरचा दिवा लावला तर असंख्य जलकणांवरून प्रकाश परत फिरून डोळ्यांपुढें पांढरी भिंत उभी राहते. तेव्हां जवळचाच दिवा ठेवावा. पिवळा प्रकाश धुकें भेदून जातो, हा समज फ्रान्ससारख्या देशांतहि दीर्घकाळ होता. वास्तविक धुक्याचे कण प्रकाशलहरींच्या मानानें इतके मोठे असतात कीं ते सर्व रंगांना सारखेच पसरवितात. धुक्याच्या दिव्याचा खरा गुण त्याच्या रंगांत नसून तो खालीं बसविलेला असतो व त्याचा झोत रुंद आणि वरून कापलेला असतो, यांत आहे.

जेथें दिवा संपतो तेथून पुढें वेगाचें काम लागतें. ताशीं साठ किलोमीटरांच्या वेगांत, समोरचें दिसून ब्रेक दाबीपर्यंत दीड सेकंद गेला असें धरलें तर त्यांतच गाडी पंचवीस मीटर जाते. ओल्या रस्त्यावर थांबावयास आणखी सुमारें पस्तीस मीटर लागतात. एकूण साठ मीटर झाले. ताशीं चाळीसच्या वेगांत हाच हिशेब बत्तीस मीटरांवर येतो. आणि काळसर वस्त्र ल्यालेला माणूस जवळच्या झोतांत पुष्कळदां चाळीस-पन्नास मीटरांच्या आंत येईपर्यंत दिसतच नाहीं.

हा माणूस केवळ हिशेबापुरता कल्पिलेला नाहीं. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांतून वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी लोक याच रस्त्याच्या कडेनें पायीं चालतात. कोणाच्या डोक्यावर मोळी असते, कोणी पाण्यास निघालेली असते, कोणी बाजारांतून परतत असतो. त्यांच्या हातीं दिवा असेलच असें नाहीं. काळोखास सरावलेले डोळे हाच त्यांचा दिवा. आपला विस्कटलेला झोत तो दिवा क्षणांत मालवितो, आणि दृष्टि पुनः स्थिर होईपर्यंत कांहीं सेकंद जातात. वय झालेल्यांस तर अधिकच. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलापर्यंत विशींतील माणसाच्या मानानें सुमारें एक-तृतीयांश प्रकाशच पोहोंचतो. तेवढ्या सेकंदांत त्याचें पाऊल गटारांत पडावयाचें कीं आपल्या चाकापुढें, हें सांगतां येत नाहीं. म्हणून समोर वाहन आलें असतां आपण जसा डिपर देतों, तसाच तो पायीं चालणाऱ्यासहि दिला पाहिजे.

तेव्हां क्रम असा : प्रथम आरसा, मग तारा, मग योग्य वॉटचा बल्ब, मग झोताचें लक्ष्य, आणि या सर्वांनंतरहि वेग आवरणारा पाय. या क्रमानें गेल्यास खर्च मोठ्या बल्बांइतकाच येईल, क्वचित् कमीहि येईल. आणि घाटांतल्या त्या अंधाऱ्या रस्त्यावर गाडींत बसलेल्यांस व कडेनें चालणाऱ्यांस, दोघांनाहि वाट दिसत राहील.