जुन्या जीपला नवा रेडिएटर

न्हाणीघरांतील तांब्याचा बंब ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस मोटारीचा रेडिएटर समजावून सांगण्यास फारसे श्रम पडूं नयेत. बंबांत मध्यभागीं विस्तवाची नळी असते व तिच्या भोंवतीं पाणी असतें. नळीची उष्णता पाण्यानें घ्यावी हा तेथील हेतु. रेडिएटरांत नेमकें याच्या उलट घडतें. इंजिनांत तापलेलें पाणी चपट्या, पातळ नळ्यांतून वाहतें, नळ्यांच्या भोंवतीं बारीक पत्र्यांची जाळी असते, आणि त्या जाळींतून जाणारा वारा पाण्याची उष्णता घेऊन जातो. बंबांत जड पाण्याच्या क्षाराचा थर बसला म्हणजे लांकडें अधिक जळतात आणि पाणी मात्र लवकर तापत नाहीं, हा ज्या गृहिणींचा अनुभव आहे, त्यांस जुन्या मोटारीचें इंजिन कां तापतें या प्रश्नाचें निम्में उत्तर आधींच ठाऊक आहे.

हा विषय येथें घेण्यास कारण आहे. दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ ते १९४५ या काळांत, विलिस व फोर्ड या अमेरिकन कारखान्यांनीं सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. १९४५ सालीं स्थापन झालेली व १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नांवानें ओळखली जाणारी कंपनी स्वातंत्र्यानंतर लवकरच विलिसच्या जीप आपल्याकडे जोडूं लागली. विलिसनें १९५३ सालीं काढलेली उंच बॉनेटची सी. जे. ३ बी ही गाडी तर येथें पुढें कित्येक दशकें तयार होत होती. आणि १९८० च्या दशकांत प्यूजो जातीच्या २,११२ घन सेंटिमीटर डिझेल इंजिनाची एम. एम. ५४० आली. या गाड्यांचें उत्पादन केव्हांच थांबलें. पण वडिलांच्या वेळची जीप विकावयाची नाहीं, असा निश्चय करून ती जपणारीं घरें महाराष्ट्रांत अजून आहेत. कोंकणांतील आमरायांत व देशावरील मळ्यांत ती केवळ हौसेची वस्तु नसून कामाची गाडी आहे. अशा गाडीचा रेडिएटर गळूं लागला म्हणजे घरांत तीन मतें निघतात. एक म्हणतो, आहे तोच झाळून घ्यावा. दुसरा म्हणतो, तांब्या-पितळेचा तसाच नवा आणावा. आणि तरुण मंडळींचा कल बहुधा चकचकीत अल्युमिनियमकडे असतो.

ही निवड किरकोळ नव्हे. इंजिन अतिशय तापलें म्हणजे त्याचें वरचें डोकें वांकडें होतें, मधलें गॅस्केट फुटतें, आणि रेडिएटरावर वांचविलेल्या पैशाच्या अनेकपट रक्कम इंजिनाच्या दुरुस्तींत जाते. शिवाय जीप ज्या वाटेनें जाते, ती वाट बहुधा आडरानाची. पावसाळ्याच्या रात्रीं घाट चढतांना गाडींत आजारी माणूस असावें आणि बॉनेटखालून वाफेचे लोट निघावेत, यापरता बिकट प्रसंग प्रवासांत क्वचितच येतो.

नवा रेडिएटर आणण्यापूर्वीं दोष खरोखर रेडिएटराचाच आहे कीं नाहीं, हें पाहणें हें पहिलें कर्तव्य होय. पंख्याचा पट्टा ढिला पडला, थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला, पाण्याचा पंप झिजला, रबरी नळी आंतून सोलून चिकटली, किंवा ब्रेक चाकांस घांसूं लागले, तरी इंजिन तापतेंच. गॅस्केट फुटलें असेल तर चालू इंजिनाच्या पाण्यांत एकसारखे बुडबुडे येतात. इंजिन थंड असतांना झांकण काढून ठेवावें, मगच तें सुरू करून ही परीक्षा करावी. नळ्या तुंबल्याची खूणहि सोपी आहे: इंजिन चांगलें तापवून बंद करावें व इन्फ्रारेड तापमापकानें जाळीचें तापमान जागोजागीं पाहावें. एखादा पट्टा शेजारच्या भागाहून बराच थंड आढळला, तर तेथें पाणी वाहत नाहीं असें समजावें. वरील तपासणी न करितां नवा रेडिएटर बसविणें म्हणजे दुखणें न ओळखतां औषध बदलणें होय.

दोष रेडिएटराचाच ठरला म्हणजे मापाचा विचार येतो. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, रेडिएटर गाडीच्या नांवावरून निवडावयाचा नसून तिच्यांत आज जें इंजिन आहे त्यावरून निवडावयाचा असतो. आपल्याकडे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेल्या जुन्या जीप पुष्कळ आहेत. त्यांतील पाण्याच्या नळ्यांचीं तोंडें निराळ्या बाजूंस व निराळ्या व्यासाचीं असूं शकतात, आणि पंख्याची जागाहि बदललेली असते. म्हणून जाळीची उंची, रुंदी व जाडी, दोन्ही तोंडांचे व्यास व स्थान, बसविण्याच्या छिद्रांमधील अंतर, आणि पंख्याच्या पात्यापासून जाळीपर्यंतची मोकळी जागा हीं सर्व मापें कागदावर लिहून घेऊन मगच दुकानांत जावें.

जितका जाड रेडिएटर तितकी थंडाई अधिक, हा समज मात्र पुरा खरा नाहीं. पुढच्या रांगेंतून जातांना वारा तापतो. तोच तापलेला वारा मागच्या रांगेस मिळतो. त्यामुळें प्रत्येक वाढीव रांगेचा लाभ आधींच्या रांगेहून कमी होत जातो, आणि वारा ओढण्याचें पंख्याचें काम मात्र वाढतें. पाण्याच्या सांठ्यापेक्षां वाऱ्यास लागणाऱ्या पृष्ठभागाचें महत्त्व अधिक, हें विल्हेल्म मायबाख यांनीं फार पूर्वीं दाखवून दिलें. १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठीं त्यांनीं रचलेल्या रेडिएटरांत सुमारें आठ हजार बारीक नळ्या होत्या. आधींच्या रचनेस जेथें १८ लिटर पाणी लागे, तेथें या नव्या रचनेंत ९ लिटरांत काम भागलें.

आतां धातूचा प्रश्न. तांब्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ति अल्युमिनियमच्या सुमारें पावणेदोनपट आहे. मग अल्युमिनियमची एवढी कीर्ति कां? कारण जुन्या रेडिएटरांत केवळ पत्र्यांची जाळी तांब्याची असते. नळ्या पितळेच्या असतात, आणि पितळ या कामीं तांब्याहून बरेंच मागें आहे. शिवाय सांधे कथिल-शिशाचे. अल्युमिनियमच्या नळ्या अधिक रुंद करतां येतात, जाळी नळ्यांस भट्टींत एकजीव होते, आणि वजन कमी भरतें. म्हणून उत्तम बनावटीचा अल्युमिनियम रेडिएटर तांब्या-पितळेच्या रेडिएटराशीं सहज बरोबरी करतो, कधीं त्यावर मातहि करतो. डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या गाडीस तो खुशाल बसवावा.

परंतु आडवाटेच्या गाडीचा हिशेब निराळा आहे. खडकाळ वाटेवर जीपची चौकट पिळवटते, हादरे बसतात, आणि एखादे दिवशीं सांधा सुटतो. तांब्या-पितळेचा सांधा तालुक्याच्या गांवींहि झाळून मिळतो. तुंबलेल्या नळ्या टाकी उघडून सळईनें साफ करतां येतात. आणि जाळी अगदींच गेली तर वरखालच्या टाक्या त्याच ठेवून मधली जाळी नवी घालतां येते. पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी आहे. तांबें ठोकून व जोडून पुन्हां कामांत आणण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. अल्युमिनियमचा सांधा नीट जोडण्यास निराळें यंत्र व निराळा हात लागतो, आणि ज्यांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, ते रेडिएटर फुटले म्हणजे बहुधा बदलावेच लागतात.

ज्या मार्गावर गाडी नेहमीं जाते, त्या मार्गावर जो दुरुस्त होऊं शकेल, तोच रेडिएटर तिच्यासाठीं उत्तम, असें आमचें स्पष्ट मत आहे. टाक्या शाबूत असतील तर जुन्यासच नवी जाळी घालावी. त्या कुजल्या असतील तर तांब्या-पितळेचा नवा घ्यावा. आणि अल्युमिनियम घेणेंच झालें, तर टाक्याहि अल्युमिनियमच्याच आहेत याची खात्री करून घ्यावी.

कोणताहि घेतला तरी कांहीं गोष्टी सांभाळाव्या लागतात. जीप पहिल्या गिअरमध्यें चढण चढते तेव्हां इंजिनास श्रम अधिक आणि समोरून येणारा वारा जवळजवळ नाहींच. सारी मदार पंख्यावर. म्हणून पंख्याभोंवतीचें पत्र्याचें कडें काढून टाकूं नये. त्यावांचून पंखा जाळींतून वारा ओढण्याऐवजीं तोच वारा जागच्या जागीं घुसळीत राहतो. जाळी फार दाट नसावी. दाट जाळींत चिखल व गवताचें बीं अडकून बसतें. चौकट व रेडिएटर यांच्यामधील रबरी गाद्या जुन्या असतील तर त्याहि बदलाव्या.

झांकणाविषयीं तर विशेष सावधगिरी पाहिजे. दाब वाढला म्हणजे पाणी अधिक तापमानावर उकळतें. महाबळेश्वरच्या उंचीवर उघडें पाणी सुमारें ९५ अंशांवरच उकळूं लागतें. उलट समुद्रसपाटीवर सात पौंडांच्या झांकणाखालीं तें सुमारें १११ अंशांपर्यंत उकळत नाहीं. म्हणून कोणी आधुनिक मोटारीचें पंधरा पौंडांचें झांकण जुन्या रेडिएटरास लावतात. तसें कदापि करूं नये. युद्धकाळच्या जीपची रचना सुमारें चार पौंडांच्या दाबाची होती. चौपट दाबानें तिचे सांधे उलतात. आणि तापलेल्या इंजिनाचें झांकण उघडण्याचा मोह कोणासहि होऊं देऊं नये. दाब सुटतांच उकळतें पाणी तोंडावर उसळतें.

पाण्याविषयीं दोन शब्द. विहिरीचें जड पाणी घालूं नये. डिस्टिल्ड पाणी व कूलंट यांचें मिश्रण वापरावें. कूलंटमुळें गंज व क्षार यांस आळा बसतो. अल्युमिनियमास तर त्यावांचून चालतच नाहीं, कारण नुसत्या पाण्यांत तें कुजतें. तांब्या-पितळेच्या रेडिएटरासाठीं, त्या धातूंस चालेल असें ज्यावर लिहिलेलें आहे, तेंच कूलंट घ्यावें. मात्र त्यांतील एथिलीन ग्लायकॉल हें चवीस गोड असलें तरी विषारी आहे. मुलांच्या हातीं लागेल असा डबा ठेवूं नये, आणि अंगणांत सांडलेलें कूलंट मांजर-कुत्र्यांनीं चाटण्यापूर्वीं धुऊन काढावें.

जुनी वस्तु जपणें हा कांहीं हट्ट नव्हे. पण तिच्या स्वभावाशीं जुळेल असाच नवा भाग तिला द्यावा लागतो. घेण्यापूर्वीं दुकानदारास एकच प्रश्न विचारावा: "हा फुटला तर आमच्या गांवीं कोण जोडील?" या प्रश्नाचें उत्तर ज्याच्यापाशीं असेल, त्याच्याकडूनच माल घ्यावा.