छायाचित्राखालील ओळ : भूमहून धाराशिव आणि तेर

बालाघाटाच्या पठारावरील भूम या तालुक्याच्या गावाहून सकाळी निघाल्यास धाराशिवची लेणी आणि तेर ही दोन्ही स्थळे पाहून रात्रीपर्यंत परत येता येते. अलीकडे विहारांतील फलकांवर, वर्षावासाच्या निमंत्रणपत्रिकांवर आणि मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशांत या स्थळांची छायाचित्रे वारंवार दिसतात. त्यांखाली बहुधा एकच ओळ असते : 'प्राचीन बुद्धमूर्ती' किंवा 'बौद्ध लेणी'. ती ओळ कोणी व कशावरून लिहिली, हे मात्र कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात आम्हांस त्या ओळीचाच विचार करावयाचा आहे.

भूमच्या वाचकांना या कामी एक सोय आहे. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र याच तालुक्यात आहे. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तेथे सल्लेखना घेतली. जिनमूर्ती कशी असते हे त्यामुळे येथील माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बसलेली जिनमूर्ती नेहमी ध्यानमुद्रेत असते. तथागतांची मूर्ती भूमिस्पर्श, धम्मचक्रप्रवर्तन वा अभय या मुद्रांतही आढळते. बुद्धमूर्तीच्या अंगावर चीवर असते. शिल्प झिजलेले असले तरी गळ्याशी, मनगटाशी किंवा घोट्याशी त्याची कडा शोधावी. छातीवर श्रीवत्स असल्यास मूर्ती जिनाची समजावी; परंतु दख्खनमधील कित्येक जिनमूर्तींवर ते चिन्ह नसते, म्हणून केवळ त्याच्या अभावावरून निर्णय देऊ नये. मस्तकावरील नागफणा बहुधा पार्श्वनाथाच्या असतात, तरी मुचलिंद नागराजाच्या छत्राखालील बुद्धही शिल्पकारांनी घडविलेले आहेत. आसनावरील चक्र व हरणे पाहून आपला उपासक हर्षित होतो. ती खूण जैन मूर्तींच्या आसनावरही आढळते, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

ही कसोटी धाराशिवच्या लेण्यांना लावली म्हणजे प्रश्न किती नाजूक आहे ते कळते. फर्ग्युसन व बर्जेस यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात ही लेणी जैन लेण्यांत घातली. अकराव्या शतकातील जैन मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यातही तेरापूरजवळच्या लेण्यांची व तेथील पार्श्वनाथमूर्तीची कथा आहे. दुसरीकडे, क्रमांक दोनच्या लेण्याची मांडणी, म्हणजे स्तंभांचा चौरस मंडप, भोवती भिक्खूंच्या निवासासारख्या खोल्या व मागे गाभारा, अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांशी इतकी जुळते की काही अभ्यासकांनी ही लेणी मुळात बौद्ध असून पुढे जैनांकडे गेली असे मत मांडले. आम्हांस हे मत विचारार्ह वाटते. पण छायाचित्र गाभाऱ्यातील जिनमूर्तीचे आणि खाली ओळ 'बुद्धमूर्ती' असे झाल्यास आपलीच बाजू लंगडी पडते. मांडणीविषयी जे सांगावयाचे ते मंडपाच्या छायाचित्राखाली सांगावे आणि मूर्तीला तिचे नाव द्यावे. ज्यांची ती पूज्य मूर्ती आहे त्यांचाही त्यात मान राहतो.

तेरची गोष्ट वेगळी आहे. तेथे समोरून काढलेले छायाचित्र अर्धेच सांगते. गोरा कुंभारांचे गाव म्हणून महाराष्ट्र तेरला ओळखतो. इ. स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या अंतरावर तगर नावाची मोठी पेठ सांगितली आहे; तेथील कापड व मलमल गाड्यांनी भडोचला जात असे. हे तगर म्हणजे तेर, असे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेथे गेले. गावातील त्रिविक्रमाचे देऊळ समोरून पाहिल्यास सपाट छपराचा मंडप दिसतो, इतर चार देवळांसारखाच. कझिन्स मागे गेले. मागची भिंत अर्धवर्तुळाकार, वर हत्तीच्या पाठीसारखे विटांचे छत! कार्ले-भाजे येथे जे खडकात कोरले गेले, ते येथे विटांत बांधलेले उभे आहे. कझिन्स यांनी हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचा निष्कर्ष काढला. ऐहोळेचे दुर्गामंदिरही मागे अर्धवर्तुळाकारच आहे आणि ते बौद्ध नाही, असा आक्षेप कोणी घेईल, व तो रास्तही आहे. म्हणून केवळ आकारावर न थांबता त्याच गावच्या उत्खननांत मिळालेल्या बौद्ध अवशेषांचीही जोड द्यावी लागते.

तेरचे खरे भांडार मात्र उत्खननापूर्वीच नांगराच्या फाळाने आणि पावसाच्या पाण्याने उघडे केले होते. मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या शेतकऱ्यांना सहज सापडत. त्या कवडीमोलाने जाऊ नयेत म्हणून तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर जमविल्या. आजचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. त्यांच्या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहावी, आणि १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीचे छायाचित्र शेजारी ठेवावे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. दोन मूर्तींतील साम्य पाहून तगरच्या गाड्या कोठवर माल पोहोचवीत असतील याची कल्पना येते. तथापि शेतात सापडून हातोहात आलेल्या वस्तूबाबत ती कोणत्या थरात, कशाच्या सोबतीने पडली होती ही माहिती कायमची हरवते. संग्राहक कितीही प्रामाणिक असला तरी ती परत आणता येत नाही.

'शोध' या शब्दाविषयीही येथे थोडे सांगितले पाहिजे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने शिकारीला गेला असता अजिंठा 'शोधले' असे आपण मुलांना शिकवितो, आणि दहाव्या लेण्यातील स्तंभावर त्याने कोरलेले नाव दाखवितो. परिसरातील लोकांना ती लेणी ठाऊकच होती. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल यांनी तेथील चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती केल्या. त्यांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यांनी काढलेली छायाचित्रे मात्र १८६४ मध्येच पुस्तकरूपाने छापली गेली होती, म्हणून ती उरली.

आपल्या शिवारात काही सापडल्यास प्रथम ते जागेवरून न हलविता छायाचित्र घ्यावे. शेजारी मोजपट्टी किंवा निदान एखादे नाणे ठेवावे, उत्तर दिशा दाखवावी, एक छायाचित्र जवळून व एक दुरून, झाड वा विहीर दिसेल असे घ्यावे. गट क्रमांक, तारीख आणि प्रथम कोणाच्या दृष्टीस पडले ते त्याच दिवशी वहीत लिहावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शेंदूर लावणे, रंग देणे, दुधाने धुणे हे कटाक्षाने टाळावे.

तेरला जाणाऱ्यांनी त्रिविक्रमाच्या देवळाला पूर्ण प्रदक्षिणा घालावी आणि मागील बाजूचे छायाचित्र अवश्य घ्यावे. ते उन्हे तिरपी असताना घेतल्यास विटांचे थर स्पष्ट येतात. देऊळ पूजेत आहे, तेव्हा आत छायाचित्र घेण्यापूर्वी तेथील पुजाऱ्यांना विचारावे.